योग्य त्या पातळीवर

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल,
एक पाय विटेवर.
दस्तगीर नदाफ. अर्ज टाइप करून मिळतील.
‘र’ची खीळ अडकते, ती बोटानं सोडवावी लागते.

नारळी पौर्णिमेनंतर दहाव्या दिवशी
नरसुबाई चिलवेरी आल्या.
बोटांना विडीच्या तंबाखूचा वास,
पदराच्या गाठीत पासपोर्टची झेरॉक्स.
पोरगा अंबादास समुद्रापलीकडं, टॉवेलच्या कारखान्यात फिटर.
पौर्णिमेला कॅम्पच्या खोलीत नऊ जणांनी
मार्कंडेयाची तसबीर वरच्या बाकड्यावर ठेवली,
जानवी बदलली,
आरती ओठातल्या ओठात म्हटली.
तरी कुणीतरी कळवलं.
गुन्हा: विनापरवाना धार्मिक जमाव.

‘हात जोडायला कुणाची परवानगी काढायची ओ?’
हा प्रश्न मी टाइप केला नाही.
मी टाइप केलं: सविनय सादर.
‘परराष्ट्र’ लिहिताना दोनदा खीळ सोडवली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं:
प्रकरण योग्य त्या पातळीवर मांडण्यात आले आहे.
‘पातळी म्हंजे? उजनीची पेपरात येते, तशी?’
तशीच, मी म्हणालो.
धरण भरलं तरी आपल्या नळाला
पाचव्या दिवशीच.

दुसरं उत्तर: द्विपक्षीय बैठकीत
धर्माचरणाच्या स्वातंत्र्याबाबत चिंता व्यक्त.
‘ते तर मी पण करतेय रोज,’ त्या म्हणाल्या,
‘बैठकीशिवाय.’

तिसऱ्याच्या तळाशी
दूतावासातल्या कुण्या पोरीनं शाईनं लिहिलं होतं:
आम्ही बोलतो आहोत, आई.
मोठ्यानं बोललो तर तो आणखी आत जाईल.
सही लागत नव्हती.
नरसुबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.
नवऱ्याच्या मागावर त्यांनी वीस वर्षं कांड्या भरलेल्या.
म्हणाल्या, ‘चालता धोटा दिसत नाही की.
थांबला तर दिसतो.’

त्याच आठवड्यात चौघे आले.
दोघे माझ्या मशिदीतले, दोघे पलीकडच्या मंडळाचे,
असे एकत्र मी त्यांना कधी पाहिले नव्हते.
नीलम नगरच्या मागं पत्र्याची खोली आहे,
रविवारी तिथं तेलुगू ख्रिस्ती जमतात,
बारा-पंधरा माणसं, एक ढोलकी.
‘हरकतीचा अर्ज कर दस्तगीर.
लिही, विनापरवाना धार्मिक जमाव.
तुला शब्द येतात.’

येतात.
कार्बन अजून तोच होता,
उन्हाकडं धरला की त्यात
अंबादासचा गुन्हा वाचता यायचा.

मी म्हणालो, खीळ अडकलीय.
‘कुठली?’
‘र’ची.
‘मग ‘र’ सोडून लिही.’
विनापरवान्यात येतो, म्हटलं. रविवारातही येतो.
ते हसले, समोरच्या कम्प्युटरवाल्याकडं गेले.
वीस मिनिटांत छापून आलं,
माझ्यापेक्षा सुबक.
मी पुढं काही बोललो नाही.
दिल्लीत याला मुत्सद्दीपणा म्हणत असतील.
माझी बायको वेगळा शब्द वापरते.

गड्ड्याच्या दिवसांत अंबादास परत आला.
का सोडलं, कुठंच लिहिलेलं नाही.
तसबीर तिकडंच जप्त.
पोरगा सारखा दाराकडं बघतो,
त्याची आई सांगत होती.
आभाराचा अर्ज हवा होता त्यांना,
मंत्रालयाला नको, त्या पोरीला.
नाव लागत नाही, मी म्हणालो.
‘मग तेवढी जागा सोड.’
आभाराचे पैसे घेऊ नयेत असं वाटलं,
पण त्यांनी ठेवले, आणि मी घेतले.

रविवारी सायकल मुद्दाम नीलम नगरवरून घातली.
पत्र्याच्या खोलीला कुलूप.
पायरीवरच्या धुळीत
ढोलकी टेकवल्याचा गोल तसाच,
त्यात एक कुत्रं झोपलेलं.

सोमवारी गिऱ्हाईक यायच्या आधी
कोरा कागद चढवला,
कार्बन नवा घातला.
प्रति,
इतकं टाइप केलं.
मग पानवाल्यानं चहा पाठवला,
तो गार होईपर्यंत
कुठल्या पातळीवर, ते आठवत बसलो.